राळे आणि समुद्रफेन

फिंचचा पिंजरा उंच नसला तरी चालतो. लांब मात्र हवा. हा बोटभर पक्षी पोपटासारखा जाळी धरून चढत नाही, एका डहाळीवरून दुसरीकडे आडवा झेपावतो. मालवणच्या परड्यात अशी लांबट जागा बहुधा विहिरीच्या अंगाला सापडते. माडाखालची सावली कितीही मोहात पाडत असली तरी तिथे पिंजरा बांधू नये. वाळलेले चुडत आणि पिकला नारळ पडताना खाली कोण आहे हे पाहत नाहीत.

जोते जांभ्या चिऱ्याचे, तळ सिमेंटचा, म्हणजे उंदीर पोखरून आत येत नाही. उंदीर आला की त्याच्यामागून धामण येतेच. जाळीचे घर अर्ध्या इंचाहून बारीक असावे. पूर्वेची बाजू मोकळी ठेवतात, कोवळ्या उन्हासाठी. पश्चिम आणि नैर्ऋत्य मात्र चिऱ्याने बंद, कारण मिरगाचा पाऊस तिकडूनच झोडपत येतो. माथ्यावर कौले आणि उरलेल्या अंगांना, घरांच्या पडव्यांना बांधतात तशी, विणलेली झापे. खाऱ्या वाऱ्यात जस्ताचा मुलामा लवकर सुटतो. त्याचे कण चोचीत गेले तर पक्ष्याला विषबाधा होते. म्हणून नवी जाळी व्हिनेगरने घासून धुतात आणि दर पावसाळ्यानंतर तपासतात. दारे दोन, एकामागे एक. आतले उघडण्याआधी बाहेरचे लावायचे.

घरट्याला करवंटी पुरते. काथ्या मात्र बोटाएवढा कापून द्यावा. लांब धागा पिल्लांच्या पायात गुंततो. खाणे राळ्याचे आणि बाजरीचे. आषाढात दाण्याला बुरशी धरते, त्यामुळे डबा घट्ट झाकणाचा आणि साठा थोडाच.

कॅल्शियमसाठी बाजारात जावे लागत नाही, हे या किनाऱ्याचे सुख. लाटांबरोबर वाळूवर समुद्रफेन येतो: माकुलाच्या पाठीतले पांढरे, होडीच्या आकाराचे, हाताला खडूसारखे लागणारे हाड. काही दिवस गोड्या पाण्यात भिजवून, उन्हात खडखडीत वाळवून जाळीला अडकवला की अंड्यावर येणारी मादी त्यावर चोच घासत बसते.

आता पक्षी कोणते. देशी मुनिया पकडणे आणि पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे. लाल मुनियेच्या शास्त्रीय नावातला ‘अमंडावा’ हा शब्द अहमदाबादचा अपभ्रंश. ती तिथून परदेशी विकली जाई, त्या व्यापाराची एवढीच खूण नावात उरली. पिंजऱ्यात शोभतो तो ऑस्ट्रेलियाचा झेब्रा फिंच, लाल चोचीचा, नराच्या गालावर तांबूस ठिपका असलेला. दुसरा बंगाली फिंच. त्याचा बंगालशी संबंध नावापुरताच. पांढऱ्या पाठीची मुनिया १८व्या शतकात चीनमधून जपानात गेली आणि तिथल्या पिंजऱ्यांत पिढ्यानपिढ्या वाढून हा पक्षी घडला. पाळणाऱ्यांनी निवड केली ती पांढऱ्या पिसांची आणि दुसऱ्यांची पिल्लेही वाढवणाऱ्या मायाळूपणाची. गाण्याकडे कोणी फारसे पाहिले नाही, आणि बदलले नेमके तेच. जपानी संशोधक काझुओ ओकानोया यांनी दोघांची गाणी ताडून पाहिली, तेव्हा रानातल्या मुनियेचे गाणे साधे, ठरावीक क्रमाचे निघाले. पाळीव वंशजाचे मात्र वळणावळणाचे, क्रम बदलत जाणारे. शिकाऱ्याची धास्ती नाही, आपली जात ओळखू येण्याची निकड नाही. मग गळ्याला मोकळीक मिळाली, असा एक अर्थ त्याचा लावतात. कैदेने गाणे मोकळे व्हावे, हा न्याय काही पचनी पडत नाही. पण कान तेच सांगतो.

पांढऱ्या पाठीची मुनिया कोकणात आजही आहे. करवंदीच्या जाळीत गवताचा गोळा करून राहते. भाताला लोंब्या आल्या की थवा वाफ्यांवर उतरतो, आणि पिंजऱ्याखाली सांडलेल्या राळ्यांचा सुगावा लागला की परड्यातही. त्यांची विष्ठा आतल्या दाण्यापाण्यात पडू नये म्हणून भांडी कौलांखालीच ठेवायची. आतला नर छाती फुगवून लांबलचक आळवत असतो. बाहेरची मुनिया मान तिरकी करते, दाणा सोलते आणि आपले तेवढेच छोटे उत्तर देते. दिवेलागणीला थवा करवंदीत शिरतो, घरट्यात एकमेकींना चिकटून बसायला. इकडे झापे खाली सोडली जातात.