पिंजऱ्यावरचं कार्ड

सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेला तो अर्ज मीच लिहिला होता. 'मोकाट कुत्र्यांचा कायमचा बंदोबस्त करावा,' आणि खाली 34 सह्या. आपलं बरोबर आहे, याबद्दल तेव्हा माझ्या मनात तसूभरही शंका नव्हती. आज मोकळेपणाने सांगते, मी चुकले होते.

तक्रार खोटी नव्हती. मागच्या गेटजवळच्या तांबूस कुत्रीने तिसऱ्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीचा चावा घेतला होता. इंजेक्शनसाठी त्याला सिव्हिलमध्ये नेलं तेव्हा मीही बरोबर होते. त्याचं रडणं अजून कानात आहे. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांचा मला तेव्हा मनस्वी राग यायचा. यांना माणसांचं काही पडलेलं नाही, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवायची.

दोन-तीन महिन्यांनी गाडी आली आणि तिला घेऊन गेली. चार दिवसांनी कळलं, ती परत येणार. मी तडक गावाबाहेरच्या शेल्टरवर जाब विचारायला गेले. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला एका पिंजऱ्यापाशी नेलं. जाळीला कार्ड अडकवलेलं होतं. 'मादी, तांबूस. उचलल्याचं ठिकाण', पुढे आमच्या सोसायटीचं नाव, मागचं गेट. त्याखाली, 'सोडायचं ठिकाण : तेच.'

"तेच कशाला?" मी विचारलं.

"तिचं घर तेच आहे, काकू."

मग तिने नीट समजावलं. कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम 2001 साली आले, 2023 साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच द्यायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. गेटजवळ उघडा कचरा आहे तोवर ही नेली तर दुसरी येणार, बिनलसीची. लस टोचलेली, पिल्लं न होणारी कुत्री राहिली, तर बाहेरच्यांना ती सहसा शिरू देत नाही.

"चावली तेव्हा आसपास तिची पिल्लं होती का?" तिने सहज विचारलं.

होती. जिन्याखाली चार. त्यातली दोन आदल्या दिवशी मी वॉचमनला गोणीत घालून नाल्यापलीकडे सोडायला लावली होती. उरलेल्या दोघांना पोटाशी घेऊन ती बसली होती, आणि तो मुलगा चेंडू काढायला तिथेच वाकला. यातलं काहीही मी अर्जात लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी डॉक्टरांनाही ते सांगायचं धाडस झालं नाही. पुढच्या रविवारी मात्र मी पुन्हा गेले, आणि दोन वर्षं जाते आहे. भांडी घासते, गोधड्या वाळत घालते, पार्व्होच्या खोलीबाहेर ब्लीचिंगच्या पाण्याचा ट्रे भरून ठेवते. तो विषाणू साध्या साबणाने जात नाही, म्हणून प्रत्येकाने त्यात पाय बुडवूनच आत-बाहेर करायचं. सलाइन लावलेलं पिल्लू मांडीवर धरून बसलं की त्याचे ठोके तळहाताला लागतात. प्रत्येक वेळी मला ती गोणी आठवते.

ज्यांना माणसांचं काही पडलेलं नाही असं मी म्हणत होते, ती माणसंही इथेच भेटली. जखमी कुत्रं भाडं न घेता आणून टाकणारा रिक्षावाला. उरलेला भात पाठवणारा केटरर. शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवणारी पोरं : कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, स्थिर उभे राहा, चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर वाचणं जवळपास अशक्य असतं. आमच्या सोसायटीत हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

शेल्टर म्हणजे नकोशी कुत्री कायमची ठेवायची जागा, असा माझा समज होता. ते खरं तर इस्पितळ आहे. तिथला पिंजरा रिकामा होतो, तेव्हा त्यांचं काम फत्ते होतं. पुढचं काम गल्लीचं असतं, आणि माझ्या अर्जाने मी नेमकं तेच झटकलं होतं.

गेल्या महिन्यात त्या मुलाच्या आईला मी गोणीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली, मग उठून आत गेली.

त्याच लेटरहेडवर मी नवा अर्ज लिहिला आहे. मागच्या गेटला झाकणाची कचरापेटी, खाऊ घालायला एक ठरलेली जागा, गल्लीतल्या कुत्र्यांना दरवर्षी लस. पिल्लांची हकीकतही या वेळी पहिल्याच परिच्छेदात आहे. आतापर्यंत 19 सह्या झाल्या. तिची अजून झालेली नाही. मी तिच्याकडे कागद घेऊन गेलेले नाही. तिच्या सहीसाठी जागा मात्र कोरी ठेवली आहे.