पाव व्होल्टचा कोमल गंधार

मराठी माणसाच्या घरात वाद्य कसे शिरते, याचे काही ठरलेले मार्ग आहेत. पेटी वडिलोपार्जित येते, तबला मुंजीत येतो, बासरी जत्रेतून येते आणि गिटार कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, प्रेमभंगाच्या थोडी आधी येते. या चारही पाहुण्यांत एक गुण समान असतो. ही वाद्ये आहेत, हे पाहिल्याबरोबर कळते. ठाण्याला आमच्या दादाच्या घरी जे वाद्य आले, त्याच्याविषयी मात्र अशी हमी कोणालाच देता येईना.

वहिनींना तो चाळीच्या जिन्याखालचा मीटरबोर्ड वाटला. शेजारच्या निवृत्त गृहस्थांना त्यांच्या उमेदीतले टेलिफोन एक्स्चेंज आठवून गहिवरून आले. आमच्या सौभाग्यवतीने "याचा धक्का बसतो का हो?" असे विचारून पदर आधीच आवरून घेतला. पट्टी नाही, तार नाही, चामडे नाही. नुसती भोके, फिरवायची बटणे, लुकलुकणारे दिवे आणि लाल-पिवळ्या वायरींचे रान.

"काका, हा मॉड्युलर सिंथेसायझर," पुतण्या म्हणाला.

"मॉड्युलर म्हणजे?"

"म्हणजे तयार वाद्य नाही, सुटे भाग. एक भाग आवाज काढतो, एक तो गाळतो, एक लहानमोठा करतो. कोणी कोणाशी बोलायचं ते आपण वायर लावून ठरवायचं."

"म्हणजे आमची हाउसिंग सोसायटी," मी म्हणालो. "फक्त तिथे वायर लावली तरी कोणी कोणाशी बोलत नाही."

हे भाग एका पेटीत शेजारीशेजारी बसवायचे असतात. त्यांची रुंदी मोजायचे माप म्हणजे 'एचपी', आणि एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. आम्हाला एचपी म्हटले की गॅसचा सिलिंडर आठवतो. पुतण्याच्या पेटीची एक ओळ ८४ एचपीची होती. ते ऐकून वहिनी म्हणाल्या, "बरोबर आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरल्याशिवाय यातून सूर निघायचा नाही." किंमत विचारल्यावर त्याने जो आकडा सांगितला, तो आईला सांगायचा आकडा होता. खरा आकडा मला जिन्यात कळला. मी दोन पायऱ्या खाली बसलो.

ही सगळी पेटी ज्याच्या तालावर चालते, त्या भागाचे नाव सीक्वेन्सर. हे प्रकरण मला नीट समजले, आणि समजल्यावर मी जरा दुखावलो. का ते सांगतो.

सीक्वेन्सर म्हणजे आपला दूधवाला. ठरलेली आठ घरे. पहिल्या घरी अर्धा लिटर, दुसऱ्या घरी एक, तिसऱ्या घरची माणसे गावाला गेलेली, चौथ्या घरी पाव. आठवे घर झाले की पुन्हा पहिले. एका घरावरून दुसऱ्या घराकडे त्याला ढकलते ते क्लॉक, म्हणजे लय. फरक इतकाच की हा दुधाऐवजी व्होल्ट वाटत जातो. प्रत्येक घराला एक बटण. बटण जितके फिरवाल तितका व्होल्ट जास्त, आणि व्होल्ट जितका जास्त तितका सूर वर. हिशेबही सरळ आहे. एक सप्तक म्हणजे एक व्होल्ट. सप्तकाचे बारा स्वर, म्हणजे एका स्वराच्या वाट्याला व्होल्टाचा बारावा हिस्सा. कोमल गंधार षड्जापासून तीन घरे वर, म्हणजे बरोब्बर पाव व्होल्ट!

ज्या कोमल गंधारासाठी आमच्या पेटीच्या मास्तरांनी तीन वर्षे माझा कान पिळला, तो पाव व्होल्टात मिळतो, हे ऐकून मला मास्तरांची फी आठवली. पण पुतण्या प्रामाणिक आहे. तो म्हणाला, "काका, हा झाला पेटीचा गंधार. दरबारीचा यात बसत नाही, तो जरा खाली डोलतो. पण या बटणाला पट्ट्या नाहीत. हवं तेवढं खाली सरकवता येतं." आणि त्याने ते सरकवले. माझ्या पेटीला जे आयुष्यात जमले नाही, ते त्या मीटरबोर्डाने दोन बोटांत करून दाखवले.

आता दुखावलो का? दादा तबला वाजवायचा आणि मी त्याला पेटीवर लेहरा धरायचो. लेहरा म्हणजे काय, हे ज्यांनी कधी धरला नाही त्यांना कळणार नाही. सोळा मात्रांची एक ओळ, बहुधा चंद्रकौंसातली. ती वाजवायची. संपली की पुन्हा तीच. तबलजी पेशकार करो, कायदा करो, रेला करो, तुकड्यांची आतषबाजी करो, आपण आपली तीच ओळ. वेग नाही वाढवायचा, कमी नाही करायचा, सूर बदलायचा मोह आवरायचा. टाळ्या तबल्याला. गणेशोत्सवाच्या वृत्तांतात 'त्यांना पेटीवर त्यांच्या बंधूंनी साथ केली', एवढाच आपला उल्लेख. नावही नाही. बँकेत दिवसभर तेच ते आकडे आणि संध्याकाळी तीच ती ओळ, अशी मी चाळीस वर्षे काढली. त्या पेटीसमोर उभा राहिल्यावर मला कळले, की चाळीस वर्षे मी सोळा घरांचा सीक्वेन्सर होतो. वीज न खाणारा. चहावर चालणारा.

हे यंत्र निघाले त्याची कथा मोठी गमतीची आहे. १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत मॉर्टन सबोट्निक आणि रॅमन सेंडर हे संगीतकार टेपचे तुकडे कात्रीने कापून, चिकटवून संगीत करीत. कापून कापून हात दुखले, तेव्हा ही शिवणकामाची कटकट टाळणारे यंत्र करून द्या, असे त्यांनी डॉन बुक्ला नावाच्या अवलियाला सांगितले. त्याने केले. त्यातूनच १९६७ साली सबोट्निकची 'सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून' ही तबकडी निघाली. तिकडे न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग यांनीही आपल्या यंत्राला सीक्वेन्सर दिला. आठ घरांच्या तीन ओळी, एकूण चोवीस बटणे. पुढे १९७७ साली डोना समरच्या 'आय फील लव्ह' या गाण्याखाली जी न थकता धावणारी लय आहे, ती अशाच मूगच्या पोटातून आली.

आणि हे सगळे साहेबाच्या देशातच घडले, असे समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच मूगचे असे एक धूड येऊन बसले होते. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने येऊन ते जोडून दिले. गीता साराभाई, आय. एस. मथूर, अतुल देसाई अशा मंडळींनी त्यावर १९७२ पर्यंत टेप्स भरल्या. मग त्या टेप्स कपाटात गेल्या, आणि एकदा सरकारी कपाटात गेलेली वस्तू जशी निवांत राहते तशा राहिल्या. २०१७ साली पॉल पर्गस या संगीतकाराच्या त्या हाती लागल्या आणि २०२३ साली जगापुढे आल्या. पन्नास वर्षे! आमच्या पतपेढीची फाइलसुद्धा इतकी थांबत नाही.

मुंबईचे चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमांत वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यासाठी रोलँडची टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी वापरली. ती मुळात बास गिटारवाला न मिळालेल्यांची सोय म्हणून काढलेली होती. तिच्या पोटात सीक्वेन्सर, आणि घरे किती? सोळा! म्हणजे जपानी माणसाने नकळत तीनताल विकायला काढला होता. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याचे बटणही होते, म्हणजे मींडेची सोय. चरणजीत सिंगांनी हे ओळखले. लोकांनी ओळखले नाही, तबकडी फारशी खपली नाही. काही वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच डबीवर ॲसिड हाउस नावाचे नाचायचे संगीत काढले आणि जग वेडे झाले. २०१० साली ती तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा हा तर आधीच करून बसला होता, अशी तिकडच्यांची धांदल उडाली. चरणजीत सिंग २०१५ साली गेले. आपली दाद उशिरा का होईना त्यांना ऐकायला मिळाली, हे बरे झाले.

तर दादाने त्या यंत्राची परीक्षा घेतली, तीही गुरुजींनी घ्यावी तशी.

"याला रूपक येतो का?"

पुतण्याने आठव्या घरातली वायर काढून रिसेटच्या भोकात खोचली. यंत्र सातवरून परत पहिल्यावर.

"दुगुन?" क्लॉक दुप्पट झाले. "तिरकिट?" एकाच घरात चार टोले पडले. "मींड?" एक वायर वळसा घेऊन आली आणि सूर तुपासारखा ओघळला.

"बरं. एकीकडे तीनताल आणि एकीकडे रूपक सोडला, तर दोघांची सम..."

"एकशे बारा मात्रांनी," स्वतः दादाच बोलून गेला. पुतण्या मोबाइलवर गुणाकार करीत होता. तबलजी गणितात नापास होऊ शकतो, तिहाईत नाही.

"आणि रूपकाची सम खालीवर असते, हे याला ठाऊक आहे?"

"नाही बाबा. याला सम-खाली काही कळत नाही. एक ते सात, बस."

"म्हणजे मोजतो, पण समजत नाही," दादा म्हणाला आणि आत गेला. मला मनातून बरे वाटले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या अंगावरून वारे गेले. पाय सुधारला, बोलणे सुधारले, पण डावा हात मागे राहिला. तबलजीचा डावा म्हणजे डग्गा. थाप पडायची, पण घुमारा यायचा नाही. मनगट सरकायचेच नाही. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम त्याने वर्षभर केला आणि एके दिवशी तबल्यावर गवसणी चढवून टाकली. त्यावर कोणी बोलायचे नाही, असा घरात अलिखित नियम झाला.

एका रात्री वहिनींचा फोन. "भावजी, काय करू? अकरा वाजता खोलीतून आवाज येतो. तोच तो सूर, तोच तो सूर. आणि मधेच धप्."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पुतण्याने सोळा घरांत चंद्रकौंस बसवून ठेवला होता. दादाने त्याच्याकडून एकच बटण शिकून घेतले होते, लय कमी करायचे. मिनिटाला चाळीस मात्रा. म्हणजे दोन मात्रांच्या मधे माणूस सुपारी कातरू शकेल.

"दादा," मी म्हणालो, "अरे मी आहे ना. पेटी आहे. मी लेहरा धरतो."

"तू आहेस हीच तर अडचण," तो म्हणाला. "माझा हात अडखळला की ते तुझ्या तोंडावर दिसणार. याला तोंडच नाही."

मी गप्प बसलो. एखाद्या माणसाला चाळीस वर्षे साथ केल्यावर, आपल्या जागी दिवे लुकलुकवणारा मीटरबोर्ड बसलेला पाहायचा, आणि वर तो बरोबरच आहे हे पटायचे, हा अनुभव निवृत्तीपेक्षा वाईट. पण मी पाहत राहिलो. दादाचा हात चुकायचा, सम निघून जायची. यंत्र थांबायचे नाही, कळवळायचे नाही. "राहू दे, दमला असशील" म्हणायचे नाही. चालत राहायचे. आणि सोळा मात्रांनी सम पुन्हा यायची, काही झालेच नाही अशी. पुन्हा चुकली, तरी पुन्हा यायची. तेव्हा प्रथमच माझ्या ध्यानात आले, की तीच ती ओळ वाजवणे हे कंटाळवाणे काम नव्हतेच. समोरच्या माणसाला दर सोळा मात्रांनी एक नवी संधी देण्याचे ते काम होते. ते मी चाळीस वर्षे केले आणि मला कोणी सांगितले नाही!

यंत्र अगदीच निर्विकार आहे, असेही नाही. ही जुन्या पद्धतीची यंत्रे तापली की सूर सोडतात. जर्मनीच्या टँजरीन ड्रीम या मंडळींनी १९७३ साली 'फेड्रा' ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यांचे मूग तापून मधेच सुरातून सरकले. त्यांनी तो भाग तसाच ठेवला आणि लोकांना आवडला. आमच्या ठाण्याच्या मे महिन्यात तर दहाव्या मिनिटाला चंद्रकौंसाचा निषाद घामाघूम होऊन खाली बसतो. तेव्हा दादा हातोडी उचलतो, तबला यंत्राला मिळवू पाहतो आणि पुटपुटतो, "हाही आपल्यासारखाच. हवा बघून वागतो." माझ्या मते त्यांची मैत्री इथेच जमली.

परवा डग्ग्यावर घुमारा आला. मोठा नाही, मांजर झोपेत गुरगुरते तेवढा. आला तो नेमका समेवर. दादा थबकला नाही, पण त्याने वर पाहिले. यंत्राकडे नाही, माझ्याकडे. यंत्र आपले पुढच्या आवर्तनाला लागले होते. त्याचे काय चुकले? त्याच्या हिशेबी पहिले घर आले, एवढेच घडले होते.

मी "वा!" म्हणालो.

आता मी रोज संध्याकाळी जातो. लेहऱ्याचे खाते मी रीतसर त्या यंत्राच्या नावावर करून दिले आहे. पाव व्होल्ट, अर्धा व्होल्ट, मींड, तिरकिट, सगळे त्याने सांभाळावे. 'वा' मात्र किती व्होल्टांना पडते, हे पुतण्याला अजून सांगता आलेले नाही. ते खाते चालू आहे, आणि ते माझ्याच नावावर आहे.