उरलेले गोल

२६ डिसेंबर १९६२. सुंदरलंडचं रोकर पार्क मैदान थंडीने दगडासारखं टणक झालेलं. नाताळचा दुसरा दिवस, इंग्लंडातला बॉक्सिंग डे. या दिवशी तिथे जेवणाच्या टेबलावरून उठून लोक फुटबॉल पाहायला जातात. समोर बरीचा संघ होता. सुंदरलंडने नुकतीच एक पेनल्टी वाया घालवली होती. तेवढ्यात पुढे आलेल्या एका चेंडूमागे नऊ नंबरचा खेळाडू सुसाट निघाला. नजर चेंडूवर, फक्त चेंडूवर. बरीचा गोलकीपर ख्रिस हार्कर पुढे झेपावला आणि त्याचा खांदा धावणाऱ्याच्या गुडघ्यावर आदळला. तो पडला. उठू लागला, पण पाय साथ देईना. तरीही तो चेंडूच्या दिशेने सरपटत राहिला.

ते सरपटणं माझ्या मनातून जात नाही. गुडघ्यातली लिगामेंटं फाटलेली आहेत, आणि शरीराला त्याची खबरच नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की चेंडू अजून मोकळा आहे, अजून गोल होऊ शकतो.

ब्रायन क्लफ तेव्हा २७ वर्षांचा होता. त्या हंगामात लीगच्या २४ सामन्यांत त्याचे २४ गोल झाले होते. आज अशा दुखापतीतून खेळाडू वर्षभरात मैदानावर परततात. त्या काळी प्लॅस्टर होतं आणि वाट पाहणं होतं. स्टेडियमच्या रिकाम्या पायऱ्या त्याने पुन्हा पुन्हा चढून पाहिल्या. सप्टेंबर १९६४ मध्ये परतला, तीन सामने खेळला, एक गोल केला, आणि संपलं. वय २९. हिशेब मांडला तर लीगचे २७४ सामने आणि २५१ गोल.

हे आकडे वाचताना मला नेहमी वाटतं, जे गोल या माणसाच्या आत उरले, त्यांचं काय झालं असेल? गवयाचा गळा गेला म्हणून त्याच्या आतलं गाणं थोडंच थांबतं? ते कुठेतरी वाट शोधतं. क्लफचं पुढचं सगळं आयुष्य मला त्या उरलेल्या गोलांनी शोधलेली वाट वाटतं.

त्याचा जन्म १९३५ मध्ये मिडल्सब्रोचा. पोलाद आणि रसायनांच्या धुराचं गाव. वडील मिठाईच्या कारखान्यात, घरात भावंडांचा गोतावळा. अकराव्या वर्षीच्या परीक्षेत नापास झालेला हा पोरगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून आयसीआयच्या कारखान्यात लागला. पुढे मिडल्सब्रोच्या संघात आला, तेव्हा रांगेत त्याच्यापुढे आणखी स्ट्रायकर उभे होते. त्याच्याकडे नीट पाहिलं ते पीटर टेलर नावाच्या गोलकीपरने. ज्याचं काम गोल अडवण्याचं, त्यालाच कळलं की हा पोरगा अडवता येणार नाही. टेलर भेटेल त्याला हे सांगत सुटला. मिडल्सब्रोसाठी लीगच्या २१३ सामन्यांत क्लफने १९७ गोल केले. इंग्लंडने मात्र त्याला दोनच सामने दिले, १९५९ च्या ऑक्टोबरात. एका गोलकीपरने त्याला ओळखलं, दुसऱ्याच्या खांद्याने त्याचा खेळ संपवला. हार्करचा यात दोष नव्हता. तो त्याचं काम करत होता.

ऑक्टोबर १९६५ मध्ये, तिशीत, क्लफ हार्टलपूल्सचा मॅनेजर झाला. चौथ्या डिव्हिजनमधला कंगाल क्लब. त्याने टेलरला बोलावून घेतलं. दारोदार फिरून क्लबसाठी पैसे मागितले. संघाची बस चालवता यावी म्हणून बसचं लायसन्ससुद्धा काढलं. दोन वर्षांनी दोघे डर्बी काउंटीत गेले, तो संघ दुसऱ्या डिव्हिजनमधून वर काढला आणि १९७२ मध्ये देशाचा विजेता केला. पुढे लीड्समध्ये क्लफ अवघे ४४ दिवस टिकला. ती कथा पुष्कळांनी सांगितली आहे.

मला सांगायचं आहे ते नॉटिंगहॅम फॉरेस्टबद्दल. जानेवारी १९७५ मध्ये तो तिथे गेला, तेव्हा संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये रखडला होता. जॉन रॉबर्टसन नावाचा एक स्कॉटिश खेळाडू तिथे होता. वजन वाढलेलं, कपड्यांची शुद्ध नाही, सिगारेट सुटत नाही. क्लबने त्याला विकायला काढलेलं. क्लफने आणि टेलरने त्याला डाव्या बगलेवर उभं केलं आणि सांगितलं, चेंडू तुझ्याकडे येईल. एवढंच. चेंडू खरोखरच त्याच्याकडे येत राहिला, आणि त्या सुस्त देहातला कलावंत जागा झाला.

क्लफच्या खेळाडूंच्या आठवणींत एक चित्र येतं. सामन्याआधी तो ड्रेसिंग रूममध्ये जमिनीवर टॉवेल अंथरायचा आणि त्यावर चेंडू ठेवायचा. पाटावर देव मांडावा तसा. फळ्यावर बाण नाहीत, लांबलचक व्याख्यान नाही. याच्याशी प्रेमाने वागा, हा जमिनीवर ठेवा, पंचाशी हुज्जत घालू नका. जो स्वतः एका चेंडूपर्यंत पोचायचा राहिला होता, तो दुसऱ्यांना चेंडूजवळ नेत होता.

१९७७ मध्ये फॉरेस्ट पहिल्या डिव्हिजनमध्ये आला आणि पुढच्याच वर्षी विजेता झाला. ३० मे १९७९, म्युनिक, युरोपियन कपची अंतिम लढत. रॉबर्टसनने डावीकडून चेंडू उचलून दिला आणि पलीकडच्या खांबाशी ट्रेव्हर फ्रान्सिसने झेप घेऊन डोकं लावलं. माल्मोवर १-० असा विजय. पुढच्या वर्षी माद्रिदमध्ये हॅम्बर्गविरुद्ध पुन्हा १-०. या वेळी गोल रॉबर्टसनचाच. फॉरेस्टने आपल्या देशाची लीग एकदा जिंकली आहे आणि युरोपियन कप दोनदा. ती जुनी चित्रफीत पाहताना मी बाकावरच्या माणसाकडे बघतो. ते गोल त्याच्याही पायांतून गेलेले असणार, असं मला वाटतं.

त्याचं सगळंच गोड नव्हतं, आणि शोक करताना खोटं बोलू नये. जस्टिन फशानू या तरुण स्ट्रायकरला, तो समलिंगी असल्याची कुणकुण लागताच, त्याने फार कठोर वागवलं. मोडलेल्या पायाचं दुःख ज्याला ठाऊक होतं, त्याला या पोराचं दुःख दिसलं नाही. १९८३ मध्ये, एव्हाना डर्बीला परतलेल्या टेलरने रॉबर्टसनला तिकडे नेलं आणि क्लफ-टेलरचं बोलणं तुटलं, ते कायमचं. १९९० मध्ये टेलर गेला. ज्याने पहिल्यांदा ओळखलं त्याच्याशी समेट करायचं राहून गेलं, याची टोचणी क्लफला शेवटपर्यंत होती. त्यात दारू होती. ती चेहऱ्यावर दिसू लागली होती.

त्याच काळात त्याच्या संघात एक स्ट्रायकर खेळत होता, नायजेल क्लफ. त्याचाच मुलगा. नायजेलने फॉरेस्टसाठी १३१ गोल केले आणि पुढे तोही मॅनेजर झाला, वडिलांच्या डर्बीचासुद्धा. १९९३ च्या मे महिन्यात, अठरा वर्षांनी, हिरवा स्वेटशर्ट घातलेला बाप घरच्या प्रेक्षकांचा निरोप घेऊन गेला. संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला होता, तरी लोक त्याच्या नावाचा गजर करत होते. २० सप्टेंबर २००४ रोजी, ६९ व्या वर्षी, डर्बीत त्याने डोळे मिटले.

डर्बी आणि नॉटिंगहॅम ही एकमेकांचं तोंड न पाहणारी गावं. त्यांना जोडणाऱ्या रस्त्याला आता त्याचं नाव आहे. पण मला मिडल्सब्रोच्या अल्बर्ट पार्कमधला पुतळा जवळचा वाटतो. तरुण ब्रायन घरून एअरसम पार्क मैदानाकडे चालला आहे, बूट खांद्यावर टाकून. गुडघा धड आहे. ज्या मैदानाकडे तो निघाला आहे, ते पाडून तिथे घरं झाली. रोकर पार्कच्या जागीही आता घरंच आहेत.