नियमात बसलेला पत्ता

मालवण, तारकर्ली, देवबागच्या न्याहारी-निवासवाल्यांसाठी बुकिंगची साइट केली, तेव्हा फॉर्मातली ईमेल तपासणी मला अगदी किरकोळ वाटली होती. कुठला तरी तयार रेजेक्स, म्हणजे मजकूर ठरावीक साच्यात बसतो का ते तपासणारं सूत्र, उचलला आणि चिकटवला. शेवटच्या टिंबानंतर दोन ते चार रोमन अक्षरं; नावात अधिकचं चिन्ह दिसलं की लाल अक्षरांत 'अवैध ईमेल'.

पण या साच्यात न बसणारे पत्तेही खरे असतात. 'डॉट म्युझियम' 2001 पासून चालू आहे. 'डॉट भारत' 2014 मध्ये आलं. अ‍ॅटच्या आधीचं नाव देवनागरीतही चालावं, असं मानक 2012 मध्येच ठरलं होतं. जीमेलवाले नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडून आपली मेल वेगळी लावतात. हे सगळे खरे पत्ते मी परत पाठवत होतो. किती माणसं अशी गेली ते आता कळणार नाही, कारण नाकारलेल्याची नोंदच मी ठेवत नव्हतो.

जो पत्ता अडायला हवा होता, तो मात्र सरळ आत आला. ऐन दिवाळीत एका पाहुण्याने जीमेल लिहिताना 'ए' आणि 'आय'ची अदलाबदल केली. नियमात बसलं, फॉर्मने घेतलं. बुकिंगची मेल काही पोचली नाही, बुकिंग झालंच नाही असं समजून त्याने देवबागला दुसरं घर धरलं. इकडे तारकर्लीच्या घरमालकीण काकूंनी खोली अडवून ठेवलेली, सुरमईला हळद, मीठ, आगळ लावून ठेवलेलं. रात्री त्यांचा फोन आला. पाहुण्याने पत्ता चुकवला, असं मी सांगून मोकळा झालो. चूक माझी होती. पत्त्यावर मेल पाठवायची, त्यातली लिंक दाबली की मगच नोंद पक्की धरायची, एवढं साधं काम मी टाळलं होतं.

मग ते केलं, आणि मालकांनाही तोच नियम लावला. काकूंचीच नोंद अडली. घरी जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "ता माका म्हायत नाय रे. मोबाईलवाल्यान उघडून दिल्यान." प्ले स्टोअरसाठी दुकानदाराने काढून दिलेला पत्ता, पासवर्ड त्याच्याच वहीत. पत्ता खरा, मेलही पोचत होती. उघडणारं कोणी नव्हतं. ईमेल तुम्ही स्वतः उघडता का, हे फॉर्म लिहिण्याआधी मी एकाही मालकाला विचारलं नव्हतं.

आता अ‍ॅट आहे का एवढंच बघतो आणि बाकीचं लिंकवर सोडतो. मालकांना ईमेलची सक्ती नाही, मोबाईलवर ओटीपी जातो. जुन्या नोंदींतल्या मालकांना अजून एकेक फोन करतोय. काही ठिकाणी दुकानदाराला वही काढायला सांगावी लागते.