शार्कच्या खिंडीत

मालदीवमध्ये मालेचा विमानतळ एका बेटावरच आहे. दारातून बाहेर पडलं की समोर धक्का, आणि धक्क्याला लागलेल्या होड्या. आदल्या दिवशी लातूरहून मुंबईची रात्रीची गाडी धरली होती. आता पुढचा सगळा मुक्काम बोटीवर. बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याखाली उतरायचं. मालदीवमध्ये अशा बोटीला सफारी बोट म्हणतात. सिलिंडर, कॉम्प्रेसर आणि बाकीचा सरंजाम मागून येणाऱ्या वेगळ्या होडीवर, धोनीवर असतो.

माझ्यासोबत नांदेडचा मित्र होता, गोदावरीत पोहायला शिकलेला. आम्हा दोघांचं डायव्हिंगचं शिक्षण तारकर्लीत झालं. त्यानं पिशवीतून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली, खलाशांनी मास हुनी पुढं केलं. ट्यूना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची आणि सोबत गरम रोशी. दोन्हीकडचं ताट लगेच रिकामं झालं. हा ट्यूना गळ लावलेल्या काठीनं एकेक करून पकडतात. मालदीवची ही जुनी पद्धत आहे.

आंघोळीला मिळालं ते समुद्राचंच पाणी, बोटीवर गोडं केलेलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तो उन्हाळा पाहिलेल्या माणसाचा हात साबण लावताना आपोआप नळ बंद करतो. बोटीवरही तीच शिस्त होती, कारण पाणी गोडं करायला डिझेल जळतं.

वावू अटोलमध्ये मियारू कंडू नावाची खिंड आहे. अटोल म्हणजे प्रवाळाचं कडं. भरतीला बाहेरचा महासागर कड्यातल्या अशा खिंडींमधून आत घुसतो आणि तोंडाशी पाण्याला जबर ओढ येते. करडे रीफ शार्क दिवसा तिथंच जमतात. प्रवाहाचा आधार असतो, त्यामुळे फारसे श्रम न करता तरंगता येतं; शिकारीची वेळ बहुधा रात्रीची.

उडी मारल्यावर रेंगाळायचं नाही, नाहीतर प्रवाह खिंडीपासून दूर नेतो. आम्ही सरळ खाली गेलो. पंचवीस मीटरवर दाब वरच्या साडेतीनपट असतो. कान मोकळे करत राहावं लागतं, श्वास मोजून घ्यावा लागतो. मृत खडकात आकडा अडकवला आणि दोरीला धरून पाण्यात ताठ झालो. गाइडनं तळवा उभा करून कपाळाला लावला. ही शार्कची खूण.

आधी निळ्यात नुसती हालचाल दिसली. मग एक करडी पाठ, शेपटीची काळी कड, पांढरं पोट. त्याच्या मागं दुसरा, तिसरा, आणि मग मोजणं सुटलं. कुणालाच घाई नव्हती. एक मादी अगदी जवळून गेली, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. या जातीची मादी वर्षभर गर्भ वाढवते आणि एका वेतात जेमतेम एक ते सहा पिल्लं देते. वयात यायलाच तिला कित्येक वर्षं लागतात. शार्कनं पाठ कमानीसारखी वाकवून बाजूचे पर खाली दाबले तर तो इशारा समजून मागं सरकायचं, असं बोटीवर सांगितलं होतं. तसं कुणी केलं नाही. माझ्या मनातली भीती कधी गेली ते कळलं नाही. राहिला तो आदर.

हे शार्क तिथं टिकले ते एका निर्णयामुळं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मालदीवमध्ये हिशेब मांडला गेला: मेलेला करडा रीफ शार्क कोळ्याला ३२ डॉलर देतो, जिवंत असला तर डायव्हिंगमधून वर्षाला सरासरी ३,३०० डॉलर. १९९८ मध्ये पर्यटनाच्या अटोलांत शार्कमासेमारी थांबवली गेली, २०१० मध्ये देशभर बंदी आली. जगात मात्र १९७० पासूनच्या अर्धशतकात खुल्या महासागरातले शार्क आणि रे सुमारे ७१ टक्क्यांनी घटले.

सर्वाधिक शार्क पकडणाऱ्या देशांत भारत आहे. व्हेल शार्कला २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. पण बहुतेक जाती अजून उघड्या बाजारात आहेत. मालवणच्या ताटातली मोरी म्हणजे शार्कच. कोळ्यांना दोष देणं मला पटत नाही. जाळ्यात आलेलं ते विकणारच, कारण मागणारे आपण आहोत. आणि त्या ढिगात मोठ्या जातींची पिल्लंही असतात, जी शिजल्यावर ओळखू येत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मराठवाड्यातून गाड्या भरभरून माणसं मालवणला जातात. जरूर जा, तारकर्लीला पाण्याखालीही उतरा. जेवायला बसल्यावर मात्र मोरी मागवू नका. बांगडा मागवा, तो लवकर वाढतो, भरपूर असतो आणि चवीला कुठंच कमी नाही.