कथा की गीबत?

वर्गात कथा शिकवणे तसे सोपे असते. पात्रे, प्रसंग, संवाद, शेवट असे चार शब्द फळ्यावर लिहिले की तास पुढे सरकतो. स्वतः लिहायला बसले की मात्र अडचण वेगळीच निघते. जी माणसे डोळ्यांपुढे येतात ती आपल्याच घरातली, गल्लीतली असतात.

आमच्या एका खालावर कथा लिहायचे मनात आहे, असे मी घरी बोलले. तेव्हा अम्मीने भाजी निवडता निवडता विचारले, "ये गीबत नै होती क्या गे?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सूरह हुजुरातच्या 12व्या आयतीत गीबतीची तुलना मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे, हे आपल्या घरांत लहानपणीच कानावर पडते. मग माणसांवर लिहायचेच नाही का? या प्रश्नाने मला कथालेखनाबद्दल जितके शिकवले, तितके कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही.

खालाचा नवरा कामासाठी परगावी गेला तो परतलाच नाही. ती विधवा नाही, तलाकशुदाही नाही. विड्या वळून तिने दोन मुले वाढवली. मोहल्ल्यात चर्चा एकच, तो का गेला? मला मात्र दर ईदला ती शीरखुर्म्याची एक वाटी झाकून ठेवते, ती कुणासाठी, हे कळायला हवे होते. गीबतीला माणसाचे गुपित लागते, कथेला त्याचे दुःख. गुपित बाजूला ठेवले तरी कथा उभी राहते, हे मला इथे उमगले.

खाला ओळखू येऊ नये म्हणून मी कथेतली बाई विड्या वळणारी न ठेवता शिलाई करणारी केली. पण मला शिलाईतले काय ठाऊक? चार-पाच दुपारी शेजारच्या बाईंच्या मशीनजवळ जाऊन बसले. दोरा दाताने तोडायची सवय, पेडल मारून दुखणाऱ्या पोटऱ्या, गिऱ्हाइकाच्या उरलेल्या कापडातून शिवलेले पोराचे झबले, असे बारकावे तिथे मिळाले. ओळख पुसायला निघाले आणि पात्र जिवंत होत गेले.

पण नुसते नाव-गाव बदलून भागत नाही. इस्मत चुगताई यांचे 'दोज़खी' हे व्यक्तिचित्र मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. त्यांचे भाऊ अज़ीम बेग हे विनोदी लेखक होते. क्षयाने खंगलेल्या या भावाच्या मृत्यूनंतर इस्मत यांनी ते लिहिले. त्यात त्याचा हट्टीपणा, खोड्या, आजारपण काहीच लपवलेले नाही. नावच बघा, दोज़खी! तरी वाचून झाल्यावर त्या माणसाबद्दल माया वाटते. दोष सांगण्यामागे लिहिणाऱ्याची नियत काय आहे, हे वाक्यावाक्यातून कळते. म्हणून मी आता एक नियम केला आहे. कथेत जो वाईट वागतो, त्यालाही त्याची बाजू मांडायला निदान एक प्रसंग द्यायचा. खालाच्या कथेत पळून गेलेल्या नवऱ्यालाही तो दिला. मला ते जड गेले, पण कथेचे वजन त्यानेच वाढले.

भाषेचेही तसेच. मराठी कथेत आपला माणूस आला की बरेचदा त्याच्या तोंडी 'अल्ला कसम' आणि मोडके हिंदी येते. आपल्या घरातली दख्खनी तशी नाही. तिच्यातला 'नक्को' मराठीतून आला, जोर देण्यासाठी लावतो तो 'च'सुद्धा मराठीचाच. मी निवेदन मराठीत ठेवते आणि संवादात दख्खनी अगदी मोजकी वापरते. जिथे भावना मराठीत सांगताना फिकी पडते, तिथेच. मग संवाद मोठ्याने वाचते. जीभ अडखळली की समजायचे, हे वाक्य पात्राचे नाही, बाईंचे आहे!

आणि शेवटी काटछाट. प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मध्ये हामिदच्या खिशात तीनच पैसे असतात. सोबतची पोरे खेळणी, मिठाई घेतात. हा मात्र भाकरी करताना दादीचे हात भाजतात म्हणून चिमटा घेतो. तीन पैसे आणि एक चिमटा एवढ्यात सारे येते. त्यावर गरिबीचे व्याख्यान जोडायची गरज उरत नाही. माझ्या कथेत वाटीनंतर अर्धे पान उपदेश होता. तो काढला, वाटी राहू दिली.

आपल्या घरांतल्या बायका आपसात किती सुंदर सांगतात! त्यातले कागदावर फार थोडे येते, आणि न येण्यामागे बरेचदा हीच भीती असते. लिहिताना एवढेच मनाशी धरावे, जिच्यावर लिहिले ती समोर बसून ऐकते आहे. 'माझे उघडे केलेस' असे न म्हणता 'तुला कसे कळले?' असे तिने विचारावे. तसे वाटेपर्यंत पुन्हा लिहावे.