खाड्याचे दिवस



प्रवासवर्णन वाचताना आपण बहुधा ठरलेल्या प्रवासाची हकीकत वाचत असतो. अमुक दिवशी निघालो, अमुक स्थळे पाहिली, अमुक दिवशी परतलो, असा तो क्रम असतो. परंतु ठरलेले मोडते तेव्हाही प्रवास घडत असतो, आणि कित्येकदा तोच अधिक लक्षात राहतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या बंडात अडकले. ठरल्याप्रमाणे दक्षिणा घेऊन ते परतले असते, तर १९०७ साली प्रसिद्ध झालेले 'माझा प्रवास' हे पुस्तक कदाचित आपल्या हाती आलेच नसते. माझी हकीकत त्या मानाने फारच किरकोळ आहे. तिच्यात तलवार नाही, तोफ नाही. आहे ती केवळ राख.

एप्रिल २०१० मध्ये मी मँचेस्टरला धाकट्या भावाकडे गेले होते. भाचीचे बारसे झाले, महाविद्यालयातील रजा संपत आली आणि शुक्रवार, १६ एप्रिलचे परतीचे तिकीट हाती होते. त्याच आठवड्यात आइसलँडमधील एका हिमाच्छादित ज्वालामुखीचा उद्रेक झाला. राखेचा ढग युरोपवर पसरला आणि १५ एप्रिलपासून ब्रिटनचे आकाश विमानांना बंद झाले. ते २० तारखेच्या रात्री उघडले. त्यानंतरही खोळंबलेल्या प्रवाशांची रांग एवढी लांब होती, की माझी पाळी येईपर्यंत हातात पूर्ण आठ दिवस उरले.

आठ दिवस मोकळे मिळाले, याचा आनंद मला झाला असेल असे तुम्हाला वाटेल. पहिले दोन दिवस मी केवळ तळमळले. सकाळी उठून दूरचित्रवाणीवरील नकाशा पाहावा, विमान कंपनीला दूरध्वनी करावा, खिडकीतून आकाशाकडे पाहावे. आकाश निरभ्र निळे होते आणि त्यात एकही विमान नव्हते. भाऊ आणि भावजय कामात होती. त्यांच्या घरात मी आता पाहुणी राहिले नव्हते आणि घरचीही झाले नव्हते. ठरलेल्या मुक्कामापेक्षा अधिक राहणाऱ्या माणसाला आपली बॅग दारात ठेवावी की कपाटात, हेही कळत नाही.

माझी ही तळमळ उपजत नव्हती. ती घरातून आलेली होती. आमच्या घरी मोकळ्या दिवसाला 'सुट्टी' म्हणत नसत, 'खाडा' म्हणत. तुम्ही पगारी नोकरीत असाल तर हा भेद चटकन जाणवणार नाही. रोजावर किंवा नगावर काम करणाऱ्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. सुट्टीचा पगार मिळतो, खाड्याचा कापला जातो. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साळखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी पाचवीत होते. संप पंधरा दिवसांत मिटेल असे चाळीतले सगळे म्हणत होते. पंधरा दिवसांचे महिने झाले. आईने आधी बांगड्या मोडल्या, मग चार माणसांचे डबे करून द्यायला सुरुवात केली. बाबा सभांना जात. नंतर सभाही विरळ झाल्या आणि ते दुपारभर खाटेवर बसून राहू लागले.

त्या दुपारींपैकी एका दुपारी त्यांनी माझे इंग्रजीचे पुस्तक हाती घेतले. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई; म्हणजे त्या विषयात आम्ही बाप-लेक एकाच इयत्तेत होतो. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून ते दाराकडे पाठ करून बसत. छोट्या लिपीच्या वाटेला ते गेले नाहीत; मोठी सव्वीस अक्षरे मात्र त्यांनी पाटीवर गिरवून पक्की केली. शिकवणारी मी होते, आणि त्यांचे अक्षर चुकले की रागावत असे. आज ते आठवले की मला माझीच लाज वाटते.

पुढल्या वर्षी आम्ही भिवंडीला आलो, कामतघरला. गिरण्यांतून सुटलेली पुष्कळ माणसे त्या सुमारास इकडे आली. पुष्कळ कामही आले, आणि गिरण्यांनी मोडीत काढलेले साचेदेखील. या गावाला विणकाम नवे नव्हते. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी, पुढे पद्मनगरच्या तेलुगू विणकरांनी येथे माग आणि मागाची भाषा रुजवली होती. बाबा एका कारखान्यात जॉबर झाले. साचा अडला की जॉबरला हाक येते. एकदा रात्री घरी आल्यावर त्यांनी पाटी मागितली आणि तिच्यावर सात अक्षरे काढली. एका जुन्या साच्याच्या बिडाच्या चौकटीवर ती उठावात ओतलेली होती. आयुष्यात त्यांनी आपण होऊन वाचलेला तो पहिला इंग्रजी शब्द. "काय आहे हे?" त्यांनी विचारले. मी वाचले, 'बर्नली', आणि ठामपणे सांगितले, "कोणा मालकाचं नाव असेल." त्यांनी मान हलवली. मी पुढे शिकले, शिक्षिका झाले. ते उत्तर मात्र कधी तपासले नाही.

मँचेस्टरमध्ये अडकल्याच्या तिसऱ्या दिवशी मी घरी दूरध्वनी केला आणि विमानांची रडकथा सांगू लागले. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पगार कापणार आहेत का?" मी म्हटले, नाही. "मग खाडा कसला? सुट्टीच आहे. तिकडे बर्नली म्हणून काही आहे का, ते बघून ये."

होते. भावाच्या घरापासून बसने जाता येईल एवढ्या अंतरावर होते. बर्नली हे माणसाचे नाव नव्हते. ते लँकेशायरमधील एक गाव होते आणि एके काळी विणकामाचे मोठे केंद्र होते. सत्तावीस वर्षांपूर्वी मी बाबांना चुकीचे उत्तर दिले होते.

गावाच्या कडेला हार्ल साइक नावाच्या वस्तीत क्वीन स्ट्रीट मिल आहे. ही गिरणी १८९४ साली बांधली गेली, आणि ती वाफेवर चालणारे विणकामाचे संग्रहालय म्हणून जपली आहे. तिच्या विणखात्यात तीनशेहून अधिक लँकेशायर माग ओळीने उभे आहेत. छताखालून फिरणारा लांबच लांब दांडा, त्यावरून प्रत्येक मागाकडे उतरणारे चामडी पट्टे, आणि या साऱ्याला फिरवणारे वाफेचे इंजिन. इंजिनाचे नाव 'पीस', म्हणजे शांतता. त्यांनी काही माग चालू करून दाखवले. मित्रहो, भिवंडीत वाढलेल्या माणसाला तो आवाज परका वाटणे शक्यच नाही. धोटा या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो, फणी आपटते, धोटा परततो. कांडी संपली की माणसाने हाताने ती बदलायची. बाणा तुटला की माग आपोआप थांबतो. १८४२च्या सुमारास ब्लॅकबर्नमध्ये झालेली ही सुधारणा, आणि हेच साचे पाहत मी लहानाची मोठी झाले. फरक एवढाच की आमच्याकडे छताखालचे पट्टे जाऊन प्रत्येक साच्याखाली विजेची मोटर आली होती.

एका मागाच्या चौकटीवर ती सात अक्षरे होती. मी त्यांवरून हात फिरवला.

दाखवणाऱ्या बाई वयस्कर होत्या. त्यांनी सांगितले, की या आवाजात बोलणे अशक्य असल्याने येथील विणकर ओठांच्या हालचालींवरून एकमेकांचे बोलणे ओळखत. त्या बोलीला 'मी-मॉइंग' म्हणत. मला बाबा आठवले. घरातही ते ओठ रुंद हलवून, हातवारे करून बोलत, आणि आम्ही त्यांना हसत असू.

उरलेले दिवस मी भावाच्या घराजवळच्या ग्रंथालयात काढले. तेथे मला लँकेशायरच्या खाड्याची हकीकत सापडली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि तिकडून येणारा कापूस थांबला. १८६२ अखेर लँकेशायरमधील लाखो माणसे मदतीवर जगत होती. याच टंचाईने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या घरी सोने आणले, शेअर बाजाराला वेड लावले आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये अनेकांचे दिवाळे वाजवले, हे आपण इतिहासात शिकतो. आपल्याकडून गेलेल्या त्या आखूड धाग्याच्या कापसाशी तेथील कामगार कसे झगडत होते, ते आपण शिकत नाही; सूत सारखे तुटे आणि मजुरी घटे.

त्या रिकाम्या दिवसांत मदत समित्यांनी बायकांसाठी शिवणशाळा काढल्या आणि पुरुषांसाठी वाचन-लेखनाचे वर्ग. ओल्डहॅमचे अलेक्झांड्रा पार्क बेकार कामगारांच्या हातांनी घडले. हे वाचून मी हरखले. पण पुढचे पानही वाचायला हवे होते. वर्गाला हजर राहिले तरच मदत, अशी अट असे. मार्च १८६३ मध्ये स्टॅलिब्रिज येथे रोख पैशांऐवजी चिठ्ठ्या देऊ केल्यावरून दंगल उसळली. पोट रिकामे ठेवून शिकण्यात गोडी किती आणि अपमान किती, याचा हिशेब बाहेरच्याने करू नये. खाटेवर दाराकडे पाठ करून अक्षरे गिरवणाऱ्या माणसाचे चित्र मी आजवर कौतुकाने सांगत आले होते. त्या पाठीत लाजही होती, हे मला त्या परक्या ग्रंथालयात उमगले.

आठव्या दिवशी विमान मिळाले. घरी पोहोचताच मी बाबांना सांगितले, "बर्नली गाव आहे. माझं चुकलं होतं." त्यांनी सगळे बारकाईने विचारले. एका माणसाकडे किती साचे? मी सांगितले, तिकडे चाराची रीत होती. सहा आणि आठ साचे द्यायला निघाले तेव्हा १९३१-३२ मध्ये त्याच भागात मोठा झगडा झाला. ते समजल्यासारखे हसले. मग मी गिरणीच्या फलकावर वाचलेले सांगितले, की ती मार्च १९८२ मध्ये बंद पडली. आमचा संप सुरू होऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

बाबा बराच वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी विचारले, "बंद झाल्यावर त्या लोकांनी काय केलं?"

मला उत्तर देता आले नाही. त्या बाई तासभर माझ्याबरोबर होत्या. मी त्यांना मागांविषयी विचारले, इंजिनाविषयी विचारले. हे विचारले नाही. बिडावरची अक्षरे वाचून मी परतले होते.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण हा घटक पाळी सुटल्यावर, गोदामातील कामाच्या मधल्या वेळेत किंवा घरातले सगळे झोपल्यावर वाचत असतील. मुक्त शिक्षण अशाच वेळांवर उभे आहे. तुमच्या वाट्याला कधी न मागितलेला मोकळा दिवस आला, परदेशात किंवा एखाद्या अनोळखी स्थानकावर, तर आधी एवढे पाहा, की तो सुट्टी आहे की खाडा. सुट्टी असेल तर बाहेर पडा. आणि समोर वयस्कर माणूस असेल, तर यंत्राविषयीचे प्रश्न आवरते घेऊन त्याला तो प्रश्न विचारा, जो विचारायचा माझ्याकडून राहून गेला.